जिथे हा बेडूक, तिथे पाणी

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांच्यापुढे कुणी काही ठामपणे बोललं, की ते मान तिरकी करून एकच प्रश्न विचारत, "किती वेळा बघितलं?"

या एका प्रश्नाने त्यांनी निम्मं कॉलेज दुखावून ठेवलं होतं. प्राचार्य म्हणाले, "हल्लीची मुलं वाचत नाहीत," की सर विचारणार, "किती वेळा बघितलं?" शिपाई म्हणाला, "मांजर आडवं गेलं की माझं काम होत न्हाई सर," तर त्याला कोरी वही देऊन म्हणाले, "महिनाभर लिहून काढ. मांजर आडवं न जाता जे काम झालं न्हाई, ते बी लिही." शिपायाने खरोखर लिहिलं आणि त्यानंतर सरांना चहा आणून देणं बंद केलं. मी नवी असताना एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले की आमच्या लातूरकडची मराठी या भागापेक्षा जरा बरी आहे. सरांची मान तिरकी झाली. मी प्रश्न यायच्या आधीच वर्गाचं निमित्त करून उठले.

मी मराठीची प्राध्यापिका. माझ्या भाषेचा मला तेव्हा फार ताठा होता. दोन शब्दांत काम होत असेल तर दहा कशाला, असं मी मुलांना सांगायची आणि सहकाऱ्यांचे अर्ज, निमंत्रणं, सूचना न विचारता दुरुस्त करून द्यायची. या ताठ्याने पुढे काय करून ठेवलं ते सांगायचं आहे. सर असेपर्यंत मी ते कुणाला सांगितलं नाही.

हिमायतनगरपासून थोड्या अंतरावर आमचं कॉलेज. सर मूळचे देगलूरकडचे, उंच, खांद्यात वाकलेले. बारा महिने पायात प्लास्टिकचे बूट. लग्नालासुद्धा तेच. कातड्याची चप्पल पाण्यात कुजते, असं त्यांचं म्हणणं, जणू लग्नाचा मांडव ओढ्यातच घातलेला असतो. खिशात दोरा बांधलेला तापमापक असायचा. तो ते चहाच्या कपात सोडत आणि "अजून थांबा, जीभ भाजंल," असं शेजारच्याला सांगत. शेजारचा तोवर चहा पिऊन मोकळा झालेला असायचा. घर विष्णुपुरीला. शनिवारी दुपारी घरी जायचे आणि रविवारी पहाटे परत फिरायचे ते थेट डोंगराकडे. त्यांच्या पत्नी एकदा मला हसत म्हणाल्या, "मला सवत हाय बाई. पण ती दगडावर बसते, म्हणून मी काय बोलत न्हाई."

सरांनी उमेदीची सगळी वर्षं बेडूक कापून शिकवलं होतं. त्यांचा हात इतका साफ की शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजांतून त्यांना प्रात्यक्षिकं दाखवायला बोलावणं यायचं. हृदय धडधडत ठेवून बेडूक उघडावा तो त्यांनीच. मग कापाकापी बंद झाली. बाकीच्यांनी हळहळ केली. सरांनी ट्रे धुऊन कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप घातलं आणि मला म्हणाले, "बेडकाच्या आतलं सगळं मला तोंडपाठ हाय. तो बाहेर कसा राहतो, ते मात्र कधी बघितलंच न्हाई. एकदा बी न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखा झाला होता.

त्यानंतर ते जंगलात जायला लागले.

माहूरच्या बाजूला सागाच्या टेकड्या सुरू होतात, तिथे एक छोटी वाडी आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही ते पुढे कळेल. वाडीच्या मागे डोंगरातून एक ओढा काळ्या खडकांवरून उड्या घेत खाली येतो. भर उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी तळाला जातात, पण हा ओढा बारीक का होईना, धावतच असतो. सर मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी फार अवघडले. लातूरला माझं लहानपण टँकरच्या रांगेत गेलं. घागरी ओळीने लावायच्या आणि आपली घागर कुणी मागे सरकवत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. इथे एवढं पाणी खळाळत होतं आणि त्याच्याखाली कुणी काही लावलेलं नव्हतं. माझा हात आपोआप कळशी शोधत होता.

सरांनी बोटाने एक दगड दाखवला. मला दगडच दिसला. पाण्याचा तुषार त्याच्यावर सतत उडत होता. मग दगडाचा एक तुकडा हलला. अंगठ्याएवढा बेडूक, ओल्या खडकाच्या रंगाचा. त्याने मागचा एक पाय हळूच सरळ लांब केला, बोटं फाकवली, आणि बोटांच्या मधला पांढरा पडदा लख्ख चमकला. पाय परत आत गेला. पलीकडच्या दगडावरून तसाच एक पाय निघाला.

"इथं ओरडून कोण ऐकणार?" सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले. पाण्याच्या आवाजात त्यांनाही ओरडावंच लागलं. "म्हणून हा पायानं बोलतो. बाकीचे बेडूक रातीला गळा फाडतेत. हा दिवसा, उजेडात, मुकाट्यानं."

मी किती वेळ तिथे बसले कुणास ठाऊक. माणसाला आपण होऊन गप्प बसावंसं वाटेल अशा जागा फार नसतात.

पुस्तकांप्रमाणे असा बेडूक इकडे असायलाच नको होता. तो पार तिकडे, सह्याद्रीच्या दाट जंगलात. सरांनी एका मोठ्या जाणकाराला फोटो पाठवले. उत्तर आलं, की फोटोवरून काही सिद्ध होत नाही, एक नमुना बाटलीत घालून पाठवा. म्हणजे मारून. मला वाटलं, सरांना काय कठीण? पण त्यांनी ते पत्र घडी करून हजेरीपटात ठेवलं आणि बाटली पाठवली नाही. जाणकारांनी पुन्हा विचारलं नाही. स्टाफरूममध्ये मात्र टिंगल सुरू झाली. "सर, तुमचा बेडूक आजारी रजेवर हाय का?" सर हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत.

हजेरीपट म्हणजे कॉलेजचाच, जुन्या वर्षाचा, मुलांची नावं खोडलेला. मुलांच्या नावांच्या जागी दगडांची नावं होती. म्हशीचा दगड, जोडदगड, पाटा, टोपी. दर रविवारी पुढे हजर किंवा गैरहजर. एकंदर अकरा दगड आणि अकरा बेडूक. डोंगराच्या दुसऱ्या कुठल्याही ओढ्यात सरांना बारावा सापडला नव्हता. वर्षानुवर्षं शोधत होते.

ओढ्याला लागून सोजरबाईंचं शेत. कापूस आणि तूर, घरची जमीन. मालक थकलेले, दोन्ही मुलं नांदेडला नोकरीला, त्यामुळे शेत त्याच बघायच्या. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलायला फटकळ. सर पहिल्यांदा तिथे गुडघाभर पाण्यात निश्चल उभे दिसले, तेव्हा त्यांना वाटलं होतं की कुणी जीव द्यायला आलाय. त्या धावत गेल्या आणि दंडाला धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून रविवारची भाकरी सोजरबाईंकडे. बेडकाला नावही त्यांनीच दिलं, सलाम्या.

"एवढा मोठा मानूस येतो म्हणून सलाम करून राहिला," त्या म्हणाल्या.

"मला न्हाई करत. दुसऱ्या बेडकाला करतो. हा माझा दगड हाय, तू लांब राह्य, असं सांगून राहिला."

"तुमाला कसं ठाव? इचारलं का त्येला?"

सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि हजेरीपटाच्या कडेला लिहिलं, 'सोजरबाईंचा आक्षेप.' चेष्टेने नव्हे. त्यांना तो आक्षेप खरोखर महत्त्वाचा वाटला होता.

मग वाडीतले लोक फवारणीचे पंप ओढ्यात धुवायला लागले. सरांनी घरोघर जाऊन समजावलं, पण प्रत्येक जण मान हलवायचा आणि पंप तिथेच धुवायचा. तेव्हा सरांनी पाटी लावायची ठरवलं. मजकूर त्यांनी स्वतः लिहून माझ्याकडे आणला: 'ज्या ओढ्याचे पाणी बारमाही, वाहते, थंड व निर्मळ असते, केवळ अशाच ओढ्यात हा बेडूक जगू शकतो. तरी पाणी घाण करू नये.'

मी पेन उचललं. 'केवळ' खोडलं, 'बारमाही' खोडलं, सगळंच खोडलं. आणि खाली एका ओळीत लिहिलं: 'जिथे हा बेडूक, तिथे पाणी.'

मला माझं वाक्य फार आवडलं. सरांनी मात्र कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, हे उलटं तर होत न्हाई ना?"

"उलटं कसलं?"

"म्हंजे पाणी हाय म्हणून बेडूक हाय. बेडूक हाय म्हणून पाणी न्हाई."

"सर, लोक इतके बावळट नसतात," मी म्हणाले. "भाषा माझ्यावर सोडा."

सोडली त्यांनी. ज्याचा विषय त्याचा शब्द मानायचा, ही त्यांची रीत. रंगाऱ्याने निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळ रंगवली, बाजूला बेडूकही काढला. पाटी लागली आणि आठवड्याभरात पंप धुणं थांबलं. लोक पाटी वाचून दाखवायला पाहुण्यांना घेऊन यायचे. मी कॉलेजात ते दहा जणांना सांगितलं.

दोन वर्षांनी पावसाने दडी मारली. मृग कोरडा गेला. आर्द्रा निम्म्या सरल्या तरी आभाळ स्वच्छ. पेरलेलं बी मातीत करपलं आणि वाडीच्या तिन्ही विहिरी आटल्या. बायका एका हंड्यासाठी ओढ्यापर्यंत उन्हात चालत होत्या.

अशा वेळी आपल्याकडे धोंडी काढतात. बेडूक लिंबाच्या पाल्यात गुंडाळून मुसळाला बांधायचा, गाणं म्हणत दारोदार फिरायचं, आणि प्रत्येक दारात घरधनिणीने मुसळावर घागरभर पाणी ओतायचं. शेवटी बेडूक सोडून देतात. विहिरीतला धट्टाकट्टा बेडूक असतो, उड्या मारत जातो. कुणाच्या मनात त्याला मारायचं नसतं.

त्या दिवशी दुपारी कॉलेजात सरांना सोजरबाईंचा फोन आला. मी शेजारीच होते. त्यांचा आनंदाने भरलेला आवाज मलाही ऐकू येत होता. "सर, या लवकर! औंदा धोंडीला साधा बेडूक न्हाई घेतला. तुमचे सलाम्ये काढले. मी सोता काढले. पाटीवरचं पुन्यांदा वाचून घेतलं, मगच हात घातला."

सर उभेच राहिले. मग मोटारसायकलची किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

आम्ही पोचलो तेव्हा धोंडी वाडीच्या शेवटच्या घराशी आली होती. बायका, बाप्ये, सगळे उन्हात. गाणं चाललेलं, आणि मुसळ सोजरबाईंच्या खांद्यावर. एरवी घागर ओततात. पण त्या वर्षी कुणाच्याच घरात घागरभर पाणी नव्हतं. कुणी वाटीभर पाणी शिंपडलं होतं, कुणी ओंजळभर. लिंबाचा पाला वाळून खडखडत होता. सरांनी मुसळ खाली घेतलं, गुडघ्यावर बसून पाला सोडला. सात बेडूक होते. तुषारात राहणारा जीव, सकाळपासून उन्हात. सरांनी एकेकाला तळहातावर घेतलं, अंगठ्याने पोट चाचपून बघितलं. ज्या हाताने त्यांनी धडधडतं हृदय हजारदा दाखवलं होतं, त्या हाताला आता काहीच लागत नव्हतं.

गाणं थांबलं. सोजरबाई म्हणाल्या, "काय झालं वो सर? ग्लानी आली का त्येला? पानी आणू?"

"न्हाई. राहू द्या."

त्यांना कळलं. त्या मटकन खाली बसल्या. "तुमीच ल्हिवलं की वो पाटीवर," त्या म्हणाल्या. त्यात भांडण नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या. "हा बेडूक जिथं, पानी तिथं. मी म्हणलं, गावात नेला तर गावात पानी यील."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी कदाचित बोलले असते. ते म्हणाले, "हाव. मीच लिहिलं. चूक माझी हाय, तुमची न्हाई."

चाळीस-पन्नास माणसांपुढे 'वाक्य माझं आहे' एवढंही मी म्हटलं नाही. भाषा माझ्यावर सोडा म्हणणारी मी.

सात बेडूक सरांनी ओढ्याकाठी ओल्या मातीत पुरले. मी खालच्या आवाजात म्हणाले, "सर, आता मेलेच आहेत तर एक बाटलीत घालून पाठवा. तुमचं म्हणणं खरं ठरेल. नाव होईल." त्यांनी माती सारखी केली. मग म्हणाले, "नाव छापलं की पत्ता छापावा लागतो, बाई. पत्ता छापला की लोक बाटल्या घेऊन येतेत. चार राहिलेत."

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. साधासुधा नव्हे, ओढ्याचं पाणी शेतात शिरलं. तो यायचाच होता, आणि चार तालुक्यांत सगळीकडे आला. पण वाडीला कोण सांगणार? धोंडी पावली, असं पंचक्रोशीत झालं. आता दरवर्षी मृगात हेच बेडूक काढायचे असं वाडीने ठरवलं. शेजारच्या गावांनीही मागणी केली, आम्हाला बी दोन-दोन द्या. आणि सरांचा सत्कार ठेवला, शाल-श्रीफळ देऊन, मारुतीच्या पारावर.

सरांनी जायचं ठरवलं. आधीचा आठवडा त्यांनी भाषण लिहिण्यात घालवला. पाऊस कसा येतो, वारा कुठून फिरतो, बेडकाचं आणि पाण्याचं नातं काय, पाटीवरचं वाक्य उलटं का होतं, सगळं. पाच पानं. मी वाचली. एकही शब्द खोडला नाही. मी म्हणाले, "सर, वाक्य माझं होतं हे मी तिथे उठून सांगते." ते म्हणाले, "बघू."

पारावर गर्दी होती. सोजरबाई पुढेच बसल्या होत्या, पण मान खाली. त्या घरात कुणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत, असं त्यांची जाऊ मला सांगून गेली. पाऊस आल्याचं श्रेय लोक त्यांना देत होते, आणि त्या प्रत्येक शाबासकीने आणखी आक्रसत होत्या. मागच्या बाजूला शेजारच्या गावचे चार-पाच लोक उभे होते. त्यांच्या हातात झाकणाला भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे होते. बेडूक न्यायला आले होते.

सर उठले. खिशातून पाच पानं काढली. एकदा डब्यांकडे बघितलं, एकदा सोजरबाईंकडे. मग पानांची घडी करून खिशात ठेवली.

"काल माझ्या सपनात माहूरची आई आली," सर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्हणली, तुमी मागितलं ते मी दिलं. सात लेकरं माझ्याकडं आली, ती मी पदरात घेतली. ज्यांनी आणली त्यांच्यावर माझा राग न्हाई, त्यांनी गावासाठी आणली. पण जी राहिली ती आता माझी. त्यांना कुणी हात लावायचा न्हाई. लावला तर मी वढा माघारी घेईन."

ते हळू बोलत होते. आयुष्यात न बघितलेलं काही त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मग कुणीतरी हात जोडले, आणि एकामागून एक सगळ्यांनी जोडले. मागचे डबे पायाशी ठेवले गेले. सोजरबाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या, मोठ्याने, इतक्या दिवसांचं सगळं. त्यांच्या जावेने त्यांना पोटाशी धरलं.

मी उठून काही सांगायचा प्रश्नच उरला नव्हता. माझ्या खऱ्याने आता सगळं मोडलं असतं. ही पळवाट नव्हती असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

परतताना बसमध्ये सर शाल मांडीवर घेऊन बसले होते. हिमायतनगर जवळ आल्यावर म्हणाले, "तीस वर्षं शास्त्र शिकवलं, बाई." पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. त्या दिवसानंतर 'किती वेळा बघितलं' हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नाही. प्राचार्य वाटेल ते बोलायचे आणि सर ऐकून घ्यायचे. स्टाफरूमला वाटलं, वयाने मऊ झाले. हजेरीपटही बंद केला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "खोटं बोललेल्या माणसाच्या नोंदीला कोण खरं धरंल?" एवढं कठोर कुणी दुसऱ्याशीही होत नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्यापुढे वाकून नमस्कार करावा असंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

निळी पाटी त्यांनी स्वतः काढून टाकली. तिच्या जागी वाडीकरांनी दगड बसवला, त्याला शेंदूर लावला. दर मृगाला तिथे पूजा व्हायला लागली, आणि नारळ सरांनीच फोडायचा असा मान ठरला. देवळाच्या पायरीवर कधी न चढलेला तो माणूस दरवर्षी प्लास्टिकचे बूट काढून तिथे उभा राहायचा आणि नारळ फोडायचा. खोटं एकदा सांगून भागत नाही, ते दरवर्षी पोसावं लागतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. सगळे डोळे मिटून हात जोडत, तेवढ्यात सर दगडांवरून नजर फिरवून घेत. पहिल्या वर्षी चार. मग पाच. निवृत्त झाले त्या वर्षी नऊ होते. ते त्यांनी मला सांगितलं, लिहिलं मात्र कुठेच नाही. त्यांच्या बेडकाबद्दल एक ओळही कुठे छापलेली नाही. नंतर ते विष्णुपुरीच्या घरी आजारी पडले आणि गेल्या हिवाळ्यात वारले.

यंदा मृगाच्या आधी मला सोजरबाईंचा फोन आला. "सर न्हाईत. तुमी त्येंच्या संगं हुतात. नारळ तुमी फोडा."

मी गेले, पण मनात ठरवून गेले. निदान त्या एका बाईला तरी खरं सांगायचं. सरांनी माझी चूक इतकी वर्षं स्वतःच्या डोक्यावर वागवली, ती आता तरी उतरवायची. लोक अजून जमत होते. सोजरबाई आता काठी टेकत चालतात. मी त्यांना बाजूला घेतलं आणि पाण्याच्या आवाजात जवळजवळ ओरडून म्हणाले, "सोजरबाई, त्या पाटीवरचं वाक्य सरांचं नव्हतं. माझं होतं. त्यांनी बरोबर लिहिलं होतं, मी ते बिघडवलं."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"सरांनी सांगितलं?"

"न्हाई. सर असं गोड बोलत न्हवते कधी. त्येंचं वाक्य लांबलचक असायचं."

त्या ओढ्याकडे बघत होत्या. मग स्वतःहूनच म्हणाल्या, "आन् त्येंला सपन बी पडलं न्हवतं. बोलताना खाली बघून राहिले हुते. खरं बोलताना त्ये मानसाच्या डोळ्यात बघायचे."

"मग तुम्ही इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगू?" सोजरबाई म्हणाल्या. "सात जीव माझ्या हातचे. त्या दिवशी घरी जाऊन काय करावं ह्ये बी मनात आलतं माझ्या. त्या मानसानं उभ्या गावापुढं आपलं खरंपन मोडलं आन् मला जगायला जागा केली. त्ये खोटं हाय म्हणून मी सांगू?"

लोकांनी हाक मारली. पूजेची वेळ झाली होती. सोजरबाईंनी नारळ माझ्या हातात दिला आणि माझा दंड धरून मला पुढे केलं.

"फोडा बाई," त्या म्हणाल्या, "लोक खोळंबलेत."

मी फोडला.